वॉलनट फोर्कचं एकमत

मैत्रिणीची नात केंड्रा गेल्याची बातमी आली तेव्हा आर्डिथ मेंडनहॉल स्वयंपाकघरात पर्सिमन फळांचा गर गाळत बसली होती. फोन त्या मैत्रिणीच्या, नोलाच्या, शेजारणीचा होता. "लष्कराचे दोन अधिकारी आलेत. गाडी अजून दारातच आहे. तू ये," एवढंच ती म्हणाली. आर्डिथने हातसुद्धा नीट धुतले नाहीत. तशीच गाडी काढून निघाली.

वाटेत वॉलनट फोर्कचं सभाघर लागायचं. समोरच्या हिरवळीवर पाटी रोवलेली होती, ‘हे युद्ध थांबवा’. आर्डिथने गाडी बाजूला घेतली, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी हलवून हलवून ती पाटी उपटली. मागच्या लाकडाच्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. कुणाला विचारलं नाही. सभेच्या आवारातलं बाकसुद्धा सभेला विचारल्याशिवाय हलवायचं नाही, हे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला गेली कित्येक वर्षं तीच सांगत आली होती.

नोला हॉकेट घरात धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. एक घडी घालायची, ती मोडायची, परत घालायची. आर्डिथ शेजारी जाऊन बसली.

"ट्रक उलटला म्हणे," नोला म्हणाली. "गोळी नाही, बॉम्ब नाही. नुसता रस्त्यावरून ट्रक उलटला. तो काय, इथंही उलटला असता गं. त्यासाठी एवढ्या लांब वाळवंटात कशाला जायला हवं होतं?"

आर्डिथने टॉवेलाचं दुसरं टोक धरलं.

दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या त्या मक्याच्या मुलखात दोघींचे आजे-पणजे एकाच सभेत बसले आणि सभाघरामागच्या एकाच कबरस्तानात निजले. क्वेकर या युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची सभा ती. पाद्री नाही, प्रवचन नाही, गाणं-बजावणं नाही. रविवारी सकाळी लाकडी बाकांवर गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने उठावं, सांगावं आणि खाली बसावं. लहान-मोठा, शिकलेला-अडाणी, सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि तू म्हणायचं. अहो-जाहो करून कुणाला उंच बसवायचं नाही, ही त्यांची फार जुनी रीत.

रीत अशी असली तरी माणसं काही एका उंचीवर राहत नव्हती. गावाबाहेरच्या टेकडीवर कॉलेज होतं. तिथले प्राध्यापक, डॉक्टर, निवृत्त होऊन आलेली सुखवस्तू मंडळी म्हणजे टेकडीवरचे. मका-सोयाबीन पिकवणारे आणि स्टोव्हच्या कारखान्यात राबणारे ते खालचे. निवडणूक आली की टेकडीवर एका पक्षाच्या पाट्या लागत आणि खाली दुसऱ्या. पण सभाघराच्या आवारात कुणी कुणाला मत विचारत नसे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे आपापल्या घरून एकेक पदार्थ आणत आणि एका लांब टेबलावर जेवत. टेकडीवरून बिनमांसाची कडधान्यांची सॅलडं यायची, खालून कोंबडी आणि शेवया.

"जुडिथ, हे मीठ न घालता केलंयस की मीठ सरकारने घालायचंय?" असं एखादा शेतकरी विचारायचा.

"तुझ्या शेवयांत लोण्याची अख्खी गाय आहे, तिच्याकडून घेते थोडं," असं टेकडीवरची जुडिथ वॉर्डर परतवायची, आणि सगळे हसायचे.

आर्डिथ दोन्हींच्या मधली. शेतकऱ्याची लेक, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणूनच बहुधा सगळ्यांनी तिला सभेची चालक केलं होतं. क्वेकर मतदान करत नाहीत. सगळ्यांचं ऐकायचं, सगळ्यांचं मन कुठे जाऊन मिळतं ते शांतपणे पाहायचं आणि तसं शब्दांत मांडायचं, हे चालकाचं काम. स्वतःचं मत चालकाने घरी ठेवून यायचं. आर्डिथला ते छान जमायचं. तिचं मत काय हे कुणाला कधी कळलंच नाही, याचंच लोक कौतुक करत.

मग स्टोव्हचा कारखाना बंद पडला. नोलाचा मुलगा डॅरल तिथे जोडारी करायचा. त्याची बायको लिन त्याआधीच कॅन्सरने गेली होती आणि सभाघरामागे मेपलच्या झाडाखाली तिची कबर होती. बापलेक आणि आजी, एवढंच घर. केंड्राला नर्स व्हायचं होतं. आईच्या आजारपणात तिने नर्सा पाहिल्या होत्या आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. टेकडीवरच्या कॉलेजने प्रवेश दिला, पण फी अर्धीच माफ केली. सभेचा शिक्षणासाठी निधी होता. त्याची समिती होती, तिचा अर्ज होता, आणि अर्जात ‘आपली आर्थिक अडचण सविस्तर लिहा’ असं होतं.

"माझी अडचण सगळ्या गावाने पेपरात वाचलीय," डॅरल म्हणाला होता. "फाटकाला कुलूप लावल्याचा फोटो छापून आला होता. आता मी ती लिहून काय देऊ?" त्याने अर्ज केला नाही. शाळेच्या खानावळीत सैन्यभरतीवाल्यांचं टेबल लागायचं. ते अडचण विचारत नव्हते, आणि पुढे कॉलेजचा खर्च सैन्य देईल म्हणत होते. नोला रडली, भांडली, चार दिवस नातीशी बोलली नाही. केंड्राने सही केली.

जाण्याआधीच्या रविवारी ती सभेला आली. आजीशेजारी बसली. मौन चाललेलं असताना जुडिथ उठली आणि युद्धाच्या दुकानात कोवळी पोरं कशी विकली जातात, आणि जी स्वतःहून जातात त्यांनी आपला आतला दिवा कसा विझवलेला असतो, असं काहीसं बोलली. बोलली ते मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. केंड्रा बुटांकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर तिने आजीला विचारलं, "आजी, ती माझ्याशी बोलत होती की माझ्याबद्दल?"

नोलाने ते आर्डिथला सांगितलं होतं. आर्डिथ म्हणाली होती, "जुडिथच्या मनात तसं नसेल गं."

आता त्या पोरीची शवपेटी विमानाने येणार होती.

शनिवारी दुपारी खास सभा बोलावली. एरवी कामकाजाच्या सभेला पंधरा-वीस डोकी असायची, त्या दिवशी बाकं भरली. टेकडीवरचे खिडक्यांकडे, खालचे दाराकडे. असं बसायचं कुणी ठरवलं नव्हतं. डॅरल अगदी मागे, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. सुरुवातीचं मौन नेहमीपेक्षा लांबलं. मग नोला उठली.

"माझी नात तिच्या आईशेजारी झोपावी, एवढंच मागणं आहे," ती म्हणाली. "तिने सैन्यात जाऊ नये असं मला वाटत होतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण ती गेली. आणि गेली ती आपलीच पोर होती. डॅरल म्हणतो, तिच्या पेटीवर झेंडा असावा आणि शिपायांनी फैरी झाडून सलामी द्यावी. मला तो आवाज नकोय. पण तो बाप आहे तिचा. त्याच्याकडे दुसरं काय राहिलंय?"

ती बसली. थोड्या वेळाने दाराकडचा एक म्हातारा शेतकरी उठला. "पोरगी आपली आहे," तो म्हणाला. "शिपाई येतील, बंदुका वाजवतील आणि जातील. कबर आपल्याकडे राहील. मला तर यात अडचण दिसत नाही." आणि बसला.

केंड्राला तिथे पुरण्याला कुणाचाच विरोध नव्हता. झेंड्यालाही बहुतेक जण डोळेझाक करायला तयार झाले. गाडं अडलं ते बंदुकांवर. त्या कबरस्तानात दीडशे वर्षांत कधी बंदूक आली नव्हती. तिथल्या दगडांवर हुद्दा नाही, पदवी नाही, नुसतं नाव आणि साल, आणि सगळे दगड गुडघ्याएवढे.

जुडिथ उठली. रुमाल हातात होता. "मला एक सुचतं," ती म्हणाली. "गावच्या स्मशानभूमीत सैनिकांसाठी वेगळा भाग आहे. तिथे सगळं त्यांच्या पद्धतीने करता येईल. जागेचा, दगडाचा सगळा खर्च आम्ही काही जण मिळून..."

"खर्च?" मागून डॅरल म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, डॅरल. मी मदत म्हणून..."

"ती नर्स व्हायला निघाली होती तेव्हा कुठे होती ही मदत?" डॅरल उठून उभा राहिला. टोपी खाली पडली. "तेव्हा अर्ज करा म्हणालात. आता अर्ज लागत नाही वाटतं? आता मेली म्हटल्यावर लगेच खिशात हात गेला!"

"ती निधीची रीत आहे. सगळ्यांनाच तो..."

"तुम्ही टेकडीवरून रीत सांगा. आम्ही खालून पोरी पाठवतो."

क्वेकरांच्या सभेत असं बोलत नाहीत. आवाज चढला तर चालकाने मौन मागायचं असतं. आर्डिथने मौन मागितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. डॅरल उभाच राहिला.

त्या मौनातून वॉरन लॅम्बॉर्न उठला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला माणूस. लिनच्या कबरेशेजारचा मेपल फार पूर्वी त्यानेच लावला होता. तरुणपणी व्हिएतनामच्या लढाईवर जायला नकार दिला म्हणून त्याने दीड वर्ष तुरुंगात काढलं होतं. त्याबद्दल तो सहसा बोलत नसे.

"मी केंड्राला रविवारच्या शाळेत शिकवलंय," तो म्हणाला. "पानं ओळखायला शिकवलं. तिची कबर मी या हातांनी खणीन. झेंडा येऊ दे. पण बंदुका..." तो थांबला. "माझ्या पणजोबांचा भाऊ त्या मातीत आहे. यादवी युद्धात बंदूक धरत नाही म्हणून त्याच्या अंगठ्यांना दोरी बांधून टांगला होता. त्याचे अंगठे पुढे कधी हलले नाहीत. तुरुंगात असताना मी रोज त्याची आठवण काढायचो. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. मला त्या मातीवर बंदूक ऐकवणार नाही. मी प्रयत्न केला. चार दिवस करतोय."

"तुम्हाला ऐकवणार नाही," डॅरल म्हणाला. "बरोबर आहे, साहेब. तुम्हाला त्रास नको व्हायला."

तो ‘तुम्ही’ आणि तो ‘साहेब’ अख्ख्या सभेने ऐकला. वॉरनचा चेहरा मारल्यासारखा झाला.

"डॅरल, मला तू म्हण," तो हळूच म्हणाला.

डॅरलने वाकून टोपी उचलली.

आता आर्डिथची पाळी होती. सभेत एखाद्याला पटत नसेल तर त्याला दोन वाटा असतात. माझा विरोध नोंदवा पण मी बाजूला होतो, असं म्हणायचं, म्हणजे काम पुढे जातं. नाहीतर अडवायचं, म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. आर्डिथने जसं विचारायला हवं तसं विचारलं. "वॉरन, तू अडवतोयस की बाजूला होतोयस?"

वॉरनने डोळे मिटले. खिडकीवर एक माशी आपटत होती, तिचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"मला आज बाजूला होता येत नाही," तो म्हणाला.

आर्डिथला वाटत होतं की ओरडून सांगावं, अरे, पोर आहे ती, होऊ दे! छातीत शब्द तयार होते. पण ती चालक होती. तिने टेबलावर हात ठेवले आणि नेहमीच्या मऊ, सपाट आवाजात म्हटलं, "सभेचं एकमत झालेलं नाही. आज निर्णय नाही."

नोलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तेवढंच.

बाहेर गाड्यांपाशी नोलाने तिला गाठलं. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं. "सभेचं राहू दे. तुला, आर्डिथला, काय वाटतं?"

"नोला, सभा चालवताना मला..."

"सभा संपली."

आर्डिथ तोंड उघडून तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, शब्द बाहेर येईनात. नोलाने क्षणभर वाट पाहिली, मग गाडीचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारच्या सभेच्या आधीच, आर्डिथ वॉरनकडे गेली. तो मागच्या ओसरीवर कॉफीचा कप धरून बसला होता. कॉफी गार होऊन वर साय धरली होती.

"बोलायला आली असशील तर नको बोलूस," तो म्हणाला. "मी बाजूला होतो. जा, सांग त्यांना."

"सभेत का नाही म्हणालास?"

"सभेत मला पणजोबांच्या त्या भावाचे अंगठे दिसत होते. रात्रभर केंड्रा दिसत होती. एकदा तिने मला ओकचं पान आणून दिलं आणि म्हणाली, वॉरन, हे मेपल आहे. मी म्हटलं नाही गं, तर म्हणाली, माझ्यासाठी आजच्या दिवस असू दे ना मेपल." त्याने तोंड फिरवलं. "जा लवकर."

आर्डिथ गेली. हॉकेटांच्या दारात डॅरल उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. आत कुणी अनोळखी माणसं बसलेली दिसत होती.

"वॉरन बाजूला झालाय," आर्डिथ म्हणाली. "आता काही अडचण नाही, डॅरल. तिच्या आईशेजारीच. झेंडा, सलामी, सगळं तुला हवं तसं होईल."

डॅरलने तिच्याकडे पाहिलं. तो सहा-सात वर्षांचा असताना आर्डिथने त्याला वाचायला शिकवलं होतं.

"गावच्या स्मशानभूमीचं ठरलं काल संध्याकाळी," तो म्हणाला. "त्यांनी एका फोनवर हो म्हटलं. माझ्या पोरीला चालेल का, असं कुणाला विचारायला लागलं नाही त्यांना."

"पण लिन तिथे..."

"माहीत आहे लिन कुठे आहे ते. मीच ठेवलंय तिला तिथे."

आतून नोलाचा आवाज आला नाही. ती घरात होती, तिचा कोट दाराशी टांगलेला होता.

गुरुवारी दफन झालं. थंडी होती, पण ऊन होतं. अर्धं गाव रस्त्याच्या दुतर्फा छोटे झेंडे घेऊन उभं होतं. क्वेकरांपैकी खालचे सगळे आले. टेकडीवरून थोडे आले. जुडिथ आली आणि गर्दीच्या मागे उभी राहिली. तिचं रडून रडून नाक लाल झालं होतं. खरंच रडली होती ती. आर्डिथला वाटलं, ही वाईट असती तर किती सोपं झालं असतं. वॉरन टोपी काढून कुंपणाच्या आत, एका झाडाला टेकून उभा होता. पहिली फैर झडली तसा त्याचा खांदा उडाला. दुसऱ्या फैरीला त्याने झाडाची साल हाताने घट्ट धरली. तिसरीला तो रडत होता. आर्डिथने उभ्या जन्मात इतक्या जवळून बंदूक ऐकली नव्हती. आवाज झाल्यावर जी शांतता पसरली ती सभेतल्यासारखी नव्हती. तिच्यात कुणी कशाची वाट पाहत नव्हतं.

शिपायांनी झेंड्याची तिकोनी घडी करून डॅरलच्या हातात दिली. एका कोवळ्या अधिकाऱ्याने गुडघा टेकून त्याला काही पाठ केलेले शब्द सांगितले. डॅरलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

लोक पांगले. नोला घडीच्या खुर्चीवर बसून राहिली. खालचे-वरचे क्वेकर एकेक करून तिच्याजवळ आले. कुणी गवतावर बसलं, कुणी उभं राहिलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण मौन आपोआप सुरू झालं. त्यांच्यात मेलेल्याला निरोप असाच देतात. आर्डिथने डोळे मिटले. तिला वाटलं, आता काहीतरी जुळेल.

"नको," नोला म्हणाली.

सगळ्यांनी डोळे उघडले.

"माझ्यासाठी गप्प बसू नका आज," ती म्हणाली. "फार बसलात." आणि डॅरलच्या दंडाला धरून गाडीकडे चालू लागली.

त्या हिवाळ्यात हॉकेट सभेला आले नाहीत. मग आणखी घरं यायची थांबली. कुणी भांडून गेलं नाही. नुसते येईनासे झाले. काही जण महामार्गावरच्या नव्या चर्चमध्ये जाऊ लागले. तिथे गिटार वाजायची आणि पाद्री प्रत्येकाला मिठी मारायचा. दाराकडची बाकं रिकामी पडली. महिन्याच्या जेवणाला सगळी सॅलडंच यायला लागली. एकदा जुडिथने स्वतः कोंबडीच्या शेवया करून आणल्या. बऱ्या नव्हत्या झाल्या. सगळ्यांनी खाल्ल्या, आणि मीठ कुणी घालायचं, असं कुणीही विचारलं नाही.

आणि कामकाज सोपं झालं. युद्धाविरुद्धचा ठराव एका बैठकीत झाला. पाटी परत लावायची ठरली. ती कुणी काढली होती याची चौकशी निघाली तेव्हा आर्डिथने "मी" म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांनी समजुतीने मान हलवली. निधीचा अर्जही बदलला. अडचणीचा रकाना काढून टाकला. आता अर्ज करणारंच कुणी उरलं नव्हतं. आर्डिथ विचारायची, "एकमत आहे?" आणि सगळे एकदम हो म्हणायचे. पूर्वी छपराच्या एका पन्हळीच्या दुरुस्तीवर तीन-तीन महिने वाद चालायचा. शेतकरी म्हणायचे पत्रा, टेकडीवरचे म्हणायचे तांबं. तेव्हा ती वैतागून घरी जायची. आता सभा लवकर संपायची आणि घरी जावंसं वाटायचं नाही.

मे महिन्यात नोला आली. रविवार नव्हता. आर्डिथ कबरस्तानातलं गवत उपटत होती. नोला लिनच्या दगडापाशी उभी राहिली. हिवाळ्यात ती बरीच वाळली होती.

"एक काम होतं सभेकडे," ती म्हणाली. "डॅरलला लिनला तिकडे न्यायचंय. केंड्राजवळ. गावच्या स्मशानात. तिथल्यांनी जागा दिलीय. जिल्ह्याची परवानगी मिळेल. पण ही जमीन सभेची, तेव्हा सभेचं हो लागेल."

आर्डिथच्या हातात गवताची मूठ होती. ती खाली टाकायची तिला सुचेना.

"मी विचारते," ती म्हणाली.

सभेने विचार केला. कुणीच अडवलं नाही. वॉरन म्हणाला, "ज्याचं माणूस त्याचं आहे." जुडिथ म्हणाली, "आई आणि मूल एकत्र असायला हवीत." पुढचा विषय येईपर्यंत खिडकीबाहेरचा ढगसुद्धा सरकला नव्हता. आर्डिथने ठराव लिहून घेतला, सही केली, आणि त्याच बैठकीत सांगितलं की यापुढे सभा दुसऱ्या कुणीतरी चालवावी. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला आता मत असावंसं वाटतं."

लिनला नेण्याच्या दिवशी दफनवाल्यांचा क्रेनचा ट्रक आला. मेपलच्या मुळांनी पेटीभोवतीच्या सिमेंटच्या खोक्याला वेढा घातला होता, ती तोडावी लागली. वॉरन स्वतः करवत घेऊन खड्ड्यात उतरला. "झाड जगेल का?" डॅरलने वरून विचारलं. वॉरनने मान वर केली. मातीने भरलेला चेहरा. "बहुतेक जगेल," तो म्हणाला. "एका बाजूने वाळेल." डॅरलने वाकून त्याला हात दिला आणि वर ओढून घेतलं. दोघं क्षणभर समोरासमोर उभे राहिले. डॅरल काही बोलेल असं आर्डिथला वाटलं. त्याने हात झटकले आणि जाऊन दफनवाल्यांच्या ट्रकमध्ये बसला.

दगडही उचलून नेला. मागे चौकोनी खड्डा राहिला. तो वॉरन भरणार होता.

नोलाने आपला जुना पिकअप सुरू केला. आर्डिथ रस्त्याच्या कडेला उभी होती. पिकअप तिच्याजवळ येऊन थांबला. नोलाने हात लांब करून पलीकडचं दार उघडलं.

"बस," ती म्हणाली. "चालत येशील आणि मग आठवडाभर गुडघे धरून बसशील."

आर्डिथ बसली. ट्रक पुढे हळू चालला होता, त्याच्या मागोमाग या दोघी. दोन्ही बाजूंना नुकताच उगवलेला मका बोटभर वर आला होता. शाळेपाशी वळण घेतल्यावर आर्डिथ म्हणाली, "त्या दिवशी तू विचारलंस ना, मला काय वाटतं म्हणून. मला वाटत होतं की होऊ द्यावं. झेंडा, बंदुका, सगळं. वॉरनला समजावून तिथल्या तिथे मिटवावं, असं वाटत होतं मला."

नोलाची नजर रस्त्यावर होती.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "चेहऱ्यावर दिसत होतं तुझ्या. साठ वर्षं पाहतेय मी तो चेहरा."

"मग?"

"मग काय! वॉरनचं मला काही वाटलं नाही गं. त्याला जे वाटलं ते तो बोलला. तुझं तेवढं लागलं."

आर्डिथने हात मांडीवर ठेवले. स्मशानभूमीचं फाटक आलं. तिथल्या माणसाने दोन्ही दारं उघडून धरली. ट्रक आत वळला. नोलाने पिकअप बाहेरच उभा केला, इंजिन बंद केलं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या. आत क्रेनचा आवाज सुरू झाला.

"चल," शेवटी नोला म्हणाली. "लिनला एकटीला नको." आणि दार उघडून खाली उतरली. आर्डिथ दुसऱ्या बाजूने उतरली. तिच्यासाठी थांबावं की नाही हे ठरवता न आल्यासारखी नोला दोन पावलं चालली, मग थांबली.